निकोप स्पर्धा आणि ग्रामीण तरुण

लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्षाच्या अखेरीस भरते. घोड्यांच्या व गाढवांच्या बाजाराप्रमाणेच तेथील कुस्त्यांची दंगलही मराठवाड्यात प्रसिद्ध आहे. या आखाड्याकडे केवळ करमणूक म्हणून पाहणे योग्य होणार नाही. सर्वांदेखत पाठ मातीला लागली की वशिल्याने निकाल फिरत नाही. चीत झालेला मल्लही आपले बळ किती आणि उणीव कोठे, हे जाणून परततो. निकोप स्पर्धेचा खरा लाभ हाच. आणि तो विजेत्यापेक्षा पराभूतालाच अधिक होतो.

परंतु कोरडवाहू शेतीवर ज्याचे भागत नाही, असा येथील तरुण आज उतरतो तो नोकरभरतीच्या परीक्षांच्या आखाड्यात. २०२१ साली राज्याच्या आरोग्य विभागाच्या भरतीची प्रश्नपत्रिका फुटली. म्हाडाची परीक्षा ऐनवेळी पुढे ढकलावी लागली. अशा वेळी आपण अभ्यासात कमी पडलो की पैशात, हेच अपयशी उमेदवाराला उमगत नाही. वर्षे खर्ची पडतात, बोध मात्र हाती लागत नाही.

२०२४ साली विधिमंडळाने या गैरप्रकारांविरुद्ध कायदा संमत केला, हे स्वागतार्हच होय. तथापि केवळ शिक्षेच्या भयाने वृत्ती पालटत नाही. शाळा-महाविद्यालयांतील वक्तृत्वापासून युवक महोत्सवापर्यंत प्रत्येक स्पर्धेचे नियम आधी जाहीर व्हावेत, परीक्षक बाहेरचे असावेत, गुण सर्वांना दाखवावेत. यास पैसा फारसा लागत नाही. लागते ती इच्छा. न्याय्य पराभव पचविण्याची सवय ज्याला कोवळ्या वयात लागली, त्याच्याकडूनच पुढे अन्याय्य यश नाकारण्याची अपेक्षा धरता येईल.