शेगडी बाहेर, गोधडी आत

दीक्षाभूमीवरची गर्दी ओसरली, मुलांच्या दिवाळीच्या सुट्या संपल्या, की आपल्या विदर्भात संध्याकाळ एकदम गार पडू लागते. आपला मुलूख उन्हाळ्यासाठी प्रसिद्ध. त्यामुळे कूलरची गवती जाळी बदलायची आठवण सगळ्यांना असते, थंडीची तयारी मात्र थंडी दारात येऊन उभी राहिली की सुरू होते. पण २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, हे विसरू नये. पक्क्या घरातल्या माणसाने तो आकडा दुसऱ्या दिवशी पेपरात वाचला. पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्याने तो रात्रभर अंगावर घेतला.

थंडी म्हटली की पहिला विचार येतो नवे ब्लँकेट घेण्याचा. आमचे मत असे की, हातात पैसा थोडा असेल तर विकत घेणे सर्वांत शेवटी ठेवावे. आधी जमीन, मग वारा, मग पांघरूण, आणि उरले तर बाजार. ऊब कापडात नसते, कापडाच्या थरांमध्ये अडकलेल्या हवेत असते. हे एकदा ध्यानात आले की घरातल्या निम्म्या जुन्या वस्तू कामाच्या वाटू लागतात.

आपण बहुतेक लोक खाली झोपतो. अंगाखालची सतरंजी आपल्याच वजनाने दाबली जाते, तिच्यातली हवा निघून जाते आणि फरशी अंगातली ऊब ओढून घेते. वरून दोन ब्लँकेटे घेऊनही पाठ गार पडते ती यामुळेच. तेव्हा पहिला थर खाली घालावा. रिकामी पोती उसवून, धुऊन, कडक वाळवावीत. दोन पोत्यांच्या मध्ये वर्तमानपत्रांची जाडसर घडी घालून कडेने टाके मारावेत. (आमचे साप्ताहिक सोडून दुसरी कोणतीही रद्दी चालेल!) भंडारा-गोंदियाकडच्या बहिणींना धानाची तणीस मिळते. ती पोत्यात भरून अंथरली तर गादीची आठवणही येत नाही. मात्र चूल आणि दिवा तिच्यापासून लांब ठेवावा, आणि दर आठवड्याला ती उन्हात घालावी, नाही तर ओल धरते.

आता पत्रा. निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता आकाशाकडे सोडतो आणि बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो. घरातल्या माणसांच्या श्वासातली वाफ त्याला लागून तिचे थेंब होतात, आणि पहाटे अंथरुणावर पाणी टपकते. पुष्कळांना वाटते पत्रा गळतो. त्याच्याखाली वीतभर अंतर सोडून जुन्या लुगड्यांचे किंवा गोणपाटाचे छत ताणून बांधले, तर मधली हवा पांघरुणासारखे काम करते. चुलीच्या किंवा गॅसच्या वर मात्र असे कापड कधीही नको. दाराच्या फटीला जुन्या पँटचा एक पाय शिवून त्यात वाळू भरून लावावा. भिंत आणि पत्रा यांच्या मधल्या फटी चिंध्यांनी बुजवाव्यात, पण वरचा एक झरोका उघडा ठेवावा. का, ते पुढे सांगतो.

गोधडीविषयी जरा सविस्तर बोलू. दिवाळीनंतर भांडेवाली दारावर येते आणि दोन जुन्या लुगड्यांवर एक स्टीलची वाटी देऊन जाते. यंदा तिला सुती लुगडे देऊ नका. चार-पाच जुनी सुती लुगडी म्हणजे एक गोधडी. ती आधी धुऊन सावकाश वाळवावीत. मग सारवलेल्या किंवा पुसलेल्या जमिनीवर एकावर एक अंथरून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवावेत. सुरकुती राहिली तर ती गोधडीच्या आयुष्यभर टोचते. कडेकडेने सुरुवात करून आत आत यावे, धावदोरा दोन-दोन बोटांच्या अंतराने घालावा. टाके फार जवळ घातले तर गोधडी टिकाऊ होते खरी, पण चेपली जाते आणि ऊब कमी होते. विटलेला स्वेटर, फाटकी शाल, मुलांचे आखूड झालेले गरम कपडे मधल्या थरात घालावेत. टेरीलिनची, नायलॉनची साडी घालायचीच तर मध्येच. तिला घाम शोषता येत नाही, आणि ठिणगी पडली तर ती वितळून अंगाला चिकटते.

कापसाच्या रजईत गोळे झाले असतील तर नवी घेण्यापेक्षा पिंजाऱ्याकडून पिंजून घ्यावी. कापूस तोच, पण पिंजल्यावर पुन्हा फुगतो, हवा धरतो. पावसाळाभर ट्रंकेत पडलेली पांघरुणे दोन दिवस कडक उन्हात, दोन्ही बाजूंनी उलटून घालावीत. घरात कोणाला खरूज झाली असेल तर पांघरुणे गरम पाण्यात धुवावीत, आणि औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावावे. एकट्याने लावून ती जात नाही.

आता झरोक्याकडे येऊ. हा मजकूर लिहिण्याचे खरे कारण तेच आहे. थंडी वाढली की वस्तीत रात्री कोळशाची शेगडी किंवा निखाऱ्याचे घमेले घरात घेऊन दार लावून झोपण्याची पद्धत आहे. धूर संपला, निखारे लाल झाले, म्हणजे आता धोका नाही असे समजले जाते. खरी गोष्ट उलट आहे. धगधगत्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. रक्तात प्राणवायू ज्या जागी बसतो ती जागा हा वायू बळकावतो, आणि त्याची पकड प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक असते. आधी डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. जागा माणूस निदान दार उघडेल. झोपलेला माणूस उठतच नाही. दरवर्षी हिवाळ्यात एका खोलीत झोपलेले अख्खे कुटुंब सकाळी उठले नाही, अशा बातम्या देशात कुठून ना कुठून येतात. अशी शंका आली तर दारे-खिडक्या सताड उघडाव्यात, माणसाला मोकळ्या हवेत न्यावे आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. लिंबूपाणी पाजत बसू नये.

यातला सर्वांत नाजूक प्रसंग बाळंतिणीच्या खोलीचा. बाजेखाली शेगडी, वर माय-लेकरू, आणि वारा लागू नये म्हणून दार-खिडकीला पडदे, ही आपल्या आयाबायांची जुनी रीत. त्यांच्या मायेविषयी आम्हाला शंका नाही, त्यांनी अनेक बाळंतपणे निभावली आहेत. पण जुन्या कुडाच्या घराला शंभर फटी होत्या. आज स्लॅबच्या दहा बाय दहाच्या खोलीत तीच शेगडी जीव घेऊ शकते, आणि बाजेवरून लोंबणारी गोधडी पेटली तर वेगळेच संकट. आजीला नुसते ‘नको’ म्हटले तर ती ऐकणार नाही, ऐकावे तरी का? तिला दुसरा उपाय हातात दिला पाहिजे. गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून आधी अंथरूण ऊबदार करावे, आणि बाळाला ठेवण्याआधी ती काढून घ्यावी. त्याहून चांगला शेक आईच्या अंगाचा. बाळाला फक्त लंगोट, टोपरे आणि मोजे घालून आईच्या उघड्या छातीशी लावावे, नाक-तोंड मोकळे ठेवावे, वरून दोघांवर एकच गोधडी. आई जागी असावी आणि टेकून बसलेली असावी. सरकारी दवाखान्यात याला कांगारू मदर केअर म्हणतात, कमी वजनाच्या बाळांसाठी ते मुद्दाम शिकवतात. बाळाचे पोट आणि तळपाय हाताने पाहावेत. पोट गरम पण तळपाय गार असतील तर बाळाला थंडी वाजते आहे, त्याला लगेच छातीशी घ्यावे. दोन्ही गार लागले तर दवाखाना गाठावा, रस्ताभर छातीशी धरूनच.

शेकोटी हवीच असेल तर ती अंगणात. त्यात टायर, प्लास्टिक, चपला टाकू नयेत. तो धूर दम्याच्या माणसाला रात्रभर झोपू देत नाही. आणि ‘एक घोट घेतला की ऊब येते’ म्हणणाऱ्यांसाठी, पंचशील क्षणभर बाजूला ठेवून, नुसते शरीरशास्त्र सांगतो. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुलतात, म्हणून गरम वाटते. पण आतली उष्णता त्याच वाटेने बाहेर पडते, आणि माणूस अधिक गारठतो.

आंघोळीच्या पाण्यासाठी रॉड वापरणाऱ्यांनी लोखंडी बादली वापरू नये, आणि बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्याला बोट लावू नये. पाण्याची काळी टाकी किंवा काळा रंग दिलेला पिंप दिवसभर उन्हात ठेवला तर दुपारी पाणी फुकट कोमट मिळते. रविवारी मुलांच्या आंघोळी दुपारी उरकाव्यात. खाण्यात जवसाची चटणी, तीळ, शेंगदाणा-गूळ असू द्यावा. हे सगळ्यांना ठाऊकच आहे.

मग उरला बाजार. तिबेटी बांधव हिवाळ्यात शहरोशहरी स्वेटर घेऊन बसतात. त्यांची एक वसाहत आपल्याच गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला आहे. डिसेंबर सरत आला की माल काढून टाकायची घाई असते, तेव्हा भाव करायला वाव मिळतो. पण थंडीच्या आधीच घ्यायचे झाले तर एका जाड स्वेटरऐवजी दोन पातळ घ्यावेत. एकावर एक घातले की मधली हवाही कामाला येते. म्हाताऱ्या माणसांना आधी कानटोपी आणि मोजे द्यावेत. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो. पहाटे शौचाला बाहेर जाताना त्यांच्या पायात चप्पल आणि कानांवर टोपी असलीच पाहिजे. ६ डिसेंबरला दादरला जाणाऱ्यांनी मुंबईच्या उकाड्यावर विसंबून मुलांना पातळ कपड्यांत नेऊ नये. जनरल डब्याच्या खिडकीतला रात्रीचा वारा मुंबईचा नसतो.

एक गोष्ट घराघरांत दिसते. नवे ब्लँकेट पाहुण्याला, रजई म्हाताऱ्यांना, गोधडी पोरांना, आणि घरची बाई तिच्याच जुन्या लुगड्याची दुहेरी घडी पांघरून कडेला, दाराजवळ झोपते. पहाटे पाचला झाडू घेऊन निघायचे असते तीही तिलाच, चार घरची भांडी गार पाण्यात घासायची असतात तीही तिलाच. यंदा पांघरुणांची मोजणी करताना घरातल्या पुरुषांनी तिच्या नावाने एक मोजावे. मापाचा स्वेटर घ्यायचा असेल तर पहिला तिचा, कारण उन्ह वर येण्याआधी उंबरठ्याबाहेर पाऊल टाकणारी तीच आहे. हाता-पायांच्या भेगांना रात्री झोपताना कोमट पाण्याने पाय धुऊन, पुसून, खोबरेल किंवा तिळाचे तेल चोळावे आणि वरून जुने मोजे घालावेत. तेलाची वाटी तिच्या उशाशी नेऊन ठेवायचे काम शाळेत जाणाऱ्या मुलालाही जमते.