एका गुणाचे भांडण

शिवाजी विद्यापीठाच्या स्पर्धेत कबड्डीचा सामना एका गुणाने सुटला, की सातारकर आणि सांगलीकर पाठीराखे पुढचा सामना चहाच्या टपरीवर खेळतात. (तिथे शिट्टी कोणाकडेच नसते!) वाद बहुधा बोनसचा. समोर किमान सहा गडी असताना चढाईपटूचा एक पाय रेषेपलीकडे टेकावा आणि त्याच क्षणी मागचा हवेत असावा, तरच तो गुण. पंच रेषेजवळ, आपण पन्नास हात लांब. तरी ‘पंच फितूर’ म्हणायला आपणांस पुरावा लागत नाही. आणि प्रतिपक्षाच्या सुंदर पकडीबद्दल अवाक्षर नाही! खाशाबा जाधव सातारा जिल्ह्यातले, मारुती माने सांगलीचे. १९५२ चे ऑलिंपिक ब्राँझ आणि १९६२ चे आशियाई सुवर्ण सांगताना आपण जिल्हा विचारतो का? मग शेजारच्या पोराला टाळी देताना हात का आखडतो?