प्रत्येक गेमवेडा रुग्ण नसतो



"डॉक्टर, ह्याला गेमचं व्यसन लागलंय, काहीतरी औषध द्या." हे वाक्य आता ओपीडीत सर्दी-खोकल्याइतकेच ओळखीचे झाले आहे. ते ऐकल्यावर माझा पहिला प्रश्न असतो, "कोणता गेम?" बहुतेक आईवडिलांना तो सांगता येत नाही. "ते मारामारीचं काहीतरी" किंवा "अंतराळातलं काहीतरी" एवढेच उत्तर येते. पण उपचार ठरवायचा तर हा प्रश्न टाळता येत नाही. "मुलगा सारखा खातो" अशी तक्रार आली, तर तो काय खातो हे विचारल्याशिवाय मी सल्ला देईन का? भाकरी, वडापाव आणि गुटखा या तिन्ही गोष्टी तोंडातूनच पोटात जातात, म्हणून त्या एक होत नाहीत. गेमचेही तसेच आहे.

आजचा लेख एका विशिष्ट प्रकारच्या गेमबद्दल आहे: कथा सांगणारे, विज्ञानकथेचे गेम. मी स्वतः ते आवडीने खेळतो. माझे मत आधीच सांगून टाकतो. या गेमवरचे प्रेम हा आजार नाही, आणि घाईघाईने त्याला 'व्यसन' म्हटल्याने नुकसानच जास्त होते. मात्र या प्रेमालाही पथ्य आहे. दोन्ही बाजू समजून घेऊ. (पुढे काही गेममधील कथेची वळणे उघड होतील. ज्यांना ते गेम खेळायचे आहेत त्यांनी मधला भाग सोडून वाचावे!)

डॉक्टरांनी उभी केलेली कंपनी

'मास इफेक्ट' हे नाव तुमच्या घरातल्या तरुणाला विचारा, त्याला बहुधा माहीत असेल. कॅनडातील एडमंटन शहरातल्या बायोवेअर या कंपनीची ही तीन भागांची विज्ञानकथा २००७, २०१० आणि २०१२ मध्ये आली. बायोवेअर १९९५ मध्ये सुरू झाली, आणि तिच्या संस्थापकांमध्ये रे मुझिका आणि ग्रेग झेश्चुक हे दोघे एमबीबीएसच्या तोडीचे शिक्षण पूर्ण केलेले, रुग्ण तपासणारे डॉक्टर होते.

डॉक्टरांचा हात कथेत किती हे मला सांगता येणार नाही, पण वैद्यकाच्या खुणा जागोजागी दिसतात. नॉर्मंडी या यानाचा चालक 'जोकर' याला व्रोलिक सिंड्रोम आहे. हे ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा, म्हणजे जन्मजात ठिसूळ हाडांच्या आजाराचे जुने नाव. त्याला नीट चालता येत नाही, पण यान त्याच्याइतके चांगले कोणी चालवत नाही. त्याचा आजार कथेत दयेसाठी वापरलेला नाही, चमत्काराने बराही होत नाही. तो आजारासह जगतो, विनोद करतो, कामावर येतो. दुर्मीळ आजार असलेल्या माणसाचे इतके सरळ चित्रण आपल्या किती चित्रपटांत दिसते, याचा विचार करा.

जेनोफेज आणि आपली नसबंदी

या कथेत क्रोगन नावाची एक लढाऊ जमात आहे. त्यांची संख्या फार वाढते, ते युद्ध पुकारतात, आणि त्यांना आवरण्यासाठी दुसऱ्या दोन जमाती एक जैविक अस्त्र वापरतात. त्याचे नाव जेनोफेज. त्यामुळे हजारातली जेमतेम एखादी गर्भधारणा जिवंत बाळापर्यंत पोहोचते. पुढे क्रोगनांचे शरीर या अस्त्राशी जुळवून घेऊ लागते, तेव्हा मॉर्डिन सोलस हा शास्त्रज्ञ-डॉक्टर त्यात सुधारणा करून ते पुन्हा प्रभावी करणाऱ्या गटात काम करतो. तो दुष्ट नाही. तो हुशार आहे, प्रेमळ आहे, त्याने गरिबांसाठी दवाखानाही चालवला आहे. आपण केले ते आकडेमोडीने बरोबरच होते, असे तो तुम्हाला पटवून देतो. आणि मग एका क्रोगन स्त्रीच्या मृतदेहापुढे त्याचा आवाज बदलतो. उपचाराच्या आशेने ती स्वतःहून प्रयोगाला तयार झालेली असते.

तिसऱ्या भागात जेनोफेजवरचा उपाय सोडायचा की गुपचूप निकामी करायचा, हे तुम्हाला ठरवावे लागते. तुम्हाला, म्हणजे खेळणाऱ्याला. चित्रपटात नायक ठरवतो आणि आपण पाहतो. इथे बटण तुमच्या बोटाखाली असते, आणि मॉर्डिनचे काय होणार हेही त्यावर अवलंबून असते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला ही गोष्ट परग्रहावरची वाटायला नको. आणीबाणीच्या काळात देशभर नसबंदीची सक्ती झाली. १९७६ मध्ये आपल्या राज्याच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूरही केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. त्या काळात शस्त्रक्रिया करणारे हात डॉक्टरांचेच होते, आणि त्यातल्या अनेकांना आपण देशहित करतो आहोत असेच वाटत असणार. 'आकडे बरोबर आहेत, म्हणून कृती बरोबर आहे' हा विचार वैद्यकात किती सहज शिरतो, हे मॉर्डिनची गोष्ट फार चांगले शिकवते. वैद्यकीय नीतिशास्त्राच्या तासाला बाकावर झोपा काढणाऱ्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट सांगून पाहावी.

गोष्ट आणि निर्णय

पहिल्या भागात व्हरमायर ग्रहावर तुमचे दोन सहकारी दोन ठिकाणी अडकतात. एकालाच वाचवता येते. मोठ्या अपघातानंतर रुग्णालयात ट्रायाज करतात, म्हणजे कोणाकडे आधी धावायचे हे ठरवतात. तिथे निदान जखमांचा हिशेब असतो. इथे तोही आधार नसतो. जो मरतो तो पुढच्या दोन्ही भागांत मेलेलाच राहतो, कारण तुमचे निर्णय एका भागातून पुढच्या भागात नेता येतात. बाजूची कामे धरून तिन्ही भाग मिळून शंभरएक तास होतात, आणि इतक्या वेळात ही पात्रे घरातली होऊन जातात.

म्हणून एखादा विशीतला मुलगा "काल माझा मित्र मेला" म्हणून गेममधल्या पात्रासाठी डोळे पुसत असेल, तर हसू नका. मालिकेतली सून आजारी पडली की शेजारच्या काकूंच्या घशाखाली घास उतरत नाही, ते आपण समजून घेतोच ना? काल्पनिक माणसासाठी खरे रडू येणे हे निरोगी मनाचे लक्षण आहे.

आणखी दोन उदाहरणे देतो. २०१५ च्या 'सोमा' या गेममध्ये समुद्राच्या तळाशी प्रश्न उभा राहतो: तुमच्या मेंदूची हुबेहूब प्रत काढली, तर ती प्रत म्हणजे तुम्ही का? आणि मग मूळ तुमचे काय? २०१९ च्या 'आउटर वाइल्ड्स'मध्ये दर बावीस मिनिटांनी सूर्याचा स्फोट होतो आणि तुम्ही पुन्हा पहिल्या क्षणाशी येता. त्यात बंदूक नाही, गुण नाहीत, बक्षीस नाही. पुढे जाण्याचे एकमेव साधन म्हणजे तुम्हाला काय समजले. आणि मृत्यू टाळता येत नसेल तर उरलेल्या वेळाचे काय करायचे, हा प्रश्न तो ज्या हळुवारपणे विचारतो, तो मला अतिदक्षता विभागाबाहेर नातेवाइकांशी बोलताना अनेकदा आठवतो.

संपणारा गेम आणि न संपणारा गेम

आता वैद्यकीय मुद्द्याकडे येऊ. या गेमना शेवट असतो. हा फरक साधा वाटतो, पण महत्त्वाचा आहे.

अनेक मोबाइल गेम संपूच नयेत अशा रीतीने बनवलेले असतात. रोज हजेरी लावली तर बक्षीस, आज आला नाहीत तर तोटा, आणि पैसे देऊन उघडायच्या पेट्या, ज्यांत काय निघेल ते माहीत नसते. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने प्राण्यांवरच्या प्रयोगांत दाखवले, की बक्षीस कधी मिळेल याचा नेम नसला की प्राणी कळ दाबणे सोडतच नाही. मटक्याचे गणित हेच आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्र सरकारने २०२५ मध्ये कायद्याने बंदी घातली, ती उगाच नव्हे.

कथेच्या गेममध्ये ओढ असते ती "पुढे काय होणार" याची. कादंबरी हातातून सुटत नाही, तशीच. रात्र जागवते, पण शेवटचे पान आले की माणूस पुस्तक मिटतो आणि दोन दिवस गप्प असतो. अर्थात सीमारेषा नेहमी स्पष्ट नसते. 'मास इफेक्ट ३' मध्येच कथेबरोबर अनेकांनी मिळून खेळायचा वेगळा भाग होता, आणि त्यात पैसे देऊन अशा पेट्या घेता येत. म्हणजे एकाच डब्यात भाकरीही होती आणि गुटखाही. म्हणून नावावर न जाता, नेमके काय खेळले जाते ते पाहावे.

मग व्यसन केव्हा म्हणायचे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर' हे निदान आहे, आणि हे वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्यासाठी तीन गोष्टी लागतात:

१. खेळण्यावर ताबा न राहणे: केव्हा सुरू करायचे, केव्हा थांबायचे हे हातात नसणे.
२. बाकीच्या आवडीनिवडी आणि रोजच्या कामांपेक्षा गेमला वरचढ स्थान मिळत जाणे.
३. नुकसान होत असूनही खेळणे चालूच राहणे किंवा वाढणे.

शिवाय यामुळे घर, शिक्षण, नोकरी, नाती यांत ठळक बिघाड झालेला असावा लागतो, आणि साधारणपणे हे चित्र किमान १२ महिने दिसावे लागते. त्रास तीव्र असेल तर त्याआधीही निदान करता येते. या यादीत तासांचा आकडा नाही, हे लक्षात घ्या. दिवाळीच्या सुटीत चार दिवस गेममध्ये बुडालेला मुलगा यात बसत नाही. रोज दोनच तास खेळणारा, पण त्यासाठी नोकरी गमावलेला माणूस बसू शकतो. कथेचा गेम खेळणाऱ्यालाही हा आजार होऊ शकतो, हेही खरे.

आणखी एक शक्यता तपासायलाच हवी. काही जण गेममध्ये लपायला जातात. नैराश्य, परीक्षेची भीती, कॉलेजमधला छळ यांपासून सुटका म्हणून. तिथे गेम हा ताप आहे, मूळ संसर्ग वेगळाच आहे. गेम हिसकावून घेतला की आईवडिलांना आजार गेल्यासारखे वाटते, आणि मुलाचा एकमेव आसरा जातो. चुकीच्या लेबलचे खरे नुकसान हे आहे. मूल पुढच्या वेळी काही सांगायलाच येत नाही.

खेळणाऱ्यांसाठी पथ्य

- स्क्रीनकडे पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते आणि डोळे कोरडे पडतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांवर पाहा.
- तासाला एकदा उठा. पाणी प्या, चाला. पायांतले रक्त वर ढकलायला पोटऱ्यांची हालचाल लागते.
- झोपेच्या आधी किमान एक तास गेम बंद. उजेडापेक्षाही कथेची उत्कंठा झोप उडवते.
- खेळताना मळमळत असेल, तर डोळे 'हालचाल' सांगतात आणि कान 'स्थिर' सांगतो म्हणून ते होते. खोलीत दिवा लावा, स्क्रीनपासून दूर बसा, सेटिंगमध्ये दृश्याची रुंदी वाढवा.
- घरात कोणाला फिट येत असतील, तर झगमगाटाच्या दृश्यांबद्दलचा इशारा वगळून पुढे जाऊ नका. आधी डॉक्टरांना विचारा.

आईवडिलांसाठी

वयाची खूण पाहा. 'मास इफेक्ट'वर अमेरिकेत सतरा वर्षांवरील खेळाडूंसाठी असल्याची खूण आहे. तो सातवीतल्या मुलासाठी नाही. वायर ओढून टीव्ही बंद करू नका. "सेव्ह कर आणि जेवायला ये" असे म्हणा. यातल्या बऱ्याच गेममध्ये लढाई संपली की कुठेही सेव्ह करता येते, त्यामुळे दहा मिनिटांची सवलत पुरते. आणि सेव्ह करूनही, ठरलेली वेळ होऊनही तो रोजच उठत नसेल, जेवण, अंघोळ, अभ्यास सुटत असेल, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञांना भेटायला उशीर करू नका.

२०१२ मध्ये 'मास इफेक्ट ३'चा शेवट आवडला नाही म्हणून जगभरच्या चाहत्यांनी एवढा गदारोळ केला, की कंपनीने काही महिन्यांत शेवटाची विस्तारित आवृत्ती फुकट दिली. चाहत्यांचे बरोबर की चूक यावर वाद होऊ शकतो. पण एका गोष्टीच्या शेवटावर भांडणारी माणसे बधिर झालेली नसतात. त्यांना गोष्टीची किंमत कळत असते.

तेव्हा निदान करण्याआधी एक तपासणी घरीच करा. फी लागत नाही, उपाशीपोटी यावे लागत नाही. आज रात्री जेवताना त्याला किंवा तिला विचारा, "तुझ्या गोष्टीत आता काय चाललंय?" उत्तरात पात्रांची नावे आली, एखादा अवघड निर्णय आला, "पण बाबा, तुम्ही असता तर काय केलं असतं?" असा उलट प्रश्न आला, तर मला फोन करू नका. त्या प्रश्नाचे उत्तर द्या.