लायसन्स गेलं, खत मिळालं

गेल्या तीन महिन्यांत मी दोन नवीन गोष्टी शिकलो. मेथीच्या देठांचं खत कसं होतं, ही एक. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ काय म्हणतं, ही दुसरी. आता या दोघांचा एकमेकांशी काय संबंध, असं विचाराल. थांबा, सांगतो.

शनिवार होता. मित्राच्या प्रमोशनची पार्टी. छोटी (माझी धाकटी बहीण, तेवीस वर्षांची झाली तरी घरात छोटीच!) मैत्रिणीकडे गेली होती आणि रात्री तिला पिकअप करायचं होतं. त्यामुळे मी एकदम जबाबदार मूडमध्ये. फक्त एकच बिअर घेतली. स्ट्राँग, मोठी बाटली. वर दाबून बिर्याणी. नंतर दोन तास गप्पा. बोलणं क्लिअर, चाल सरळ, डोकं जागेवर. छोटीनं बाईकवर बसताना विचारलंच, "दादा, घेतलीयस का?"

"अगं, एकच. बस तू."

कर्वे रोडला नाकाबंदी. नळीत फुंकर मारली. आकडा आला ५८.

कायद्याची मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. म्हणजे मी जवळपास दुप्पट! मला वाटलं, मशीन बिघडलंय. मशीन ठणठणीत होतं, माझं गणित बिघडलं होतं. ६५० मिलिलिटरच्या बाटलीत ८ टक्के अल्कोहोल धरा. होतात ५२ मिलिलिटर. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या स्मॉल पेगमध्ये असतं साधारण १३. म्हणजे माझी 'एकच बिअर' ही प्रत्यक्षात चार पेग होती, बॉस!

बाईक जप्त झाली, लायसन्स गेलं, हातात कागद आला. रात्री साडेबाराला आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला रिक्षा शोधत उभे. छोटी घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. दार उघडताना फक्त म्हणाली, "तू एकच म्हणालास, म्हणून मी बसले."

दंड परवडला असता, पण हे वाक्य फार महागात गेलं.

आता कायद्याचं बघू, कारण आपल्यापैकी बहुतेकांना वाटतं की हे सिग्नल तोडण्यासारखंच प्रकरण आहे. पावती फाडली, विषय संपला. तसं नाहीये. कलम १८५ खाली कोर्टात मॅजिस्ट्रेटसमोर उभं राहावं लागतं. २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये किंवा दोन्ही. शिवाय लायसन्स सस्पेंड. रस्ता सुरक्षेसाठी सुप्रीम कोर्टानं नेमलेल्या समितीनं २०१५मध्येच राज्यांना सांगितलंय की किमान तीन महिने. आणि फुंकर मारायला नकार दिला तर सुटका होत नाही, तो नकारही कोर्टात तुमच्याच विरोधात जातो.

अजून एक. कलम १८८ वाचून मला घाम फुटला. या गुन्ह्याला जो चिथावणी देतो, मदत करतो, त्यालाही तीच शिक्षा. "काही होत नाही रे, घे चावी," म्हणणारा दिलदार मित्र आठवा जरा! आणि प्यायलेल्या अवस्थेत गाडी ठोकली, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा इन्शुरन्स क्लेम विसरायचा.

हे झालं कोणाला काही न होता. १२ नोव्हेंबर २००६च्या पहाटे मुंबईत कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर कार चढली. सात जण गेले. ड्रायव्हर तरुण होता आणि प्यायलेला होता. हायकोर्टानं त्याला सदोष मनुष्यवधासाठी तीन वर्षांची शिक्षा दिली आणि २०१२मध्ये सुप्रीम कोर्टानं ती कायम केली. त्या रात्री माझ्या मागे छोटी बसली होती. याच्या पुढचा विचार मी करत नाही.

तर, मला १०,००० रुपये दंड आणि तीन महिने सस्पेन्शन. फ्रीलान्सरच्या बजेटला १०,००० म्हणजे काय, ते फ्रीलान्सरलाच विचारा. संध्याकाळी घरी बसणं आलं. छोटीनं तेवढ्यात बाल्कनीत झाकणवाली प्लॅस्टिकची बादली आणून ठेवली, तिला चहूबाजूंनी भोकं पाडली आणि ऑर्डर सोडली, "आता घरीच आहेस ना? ओल्या कचऱ्याचं खातं तुझं."

पद्धत सोपी आहे. तळाला वाळक्या पानांचा जाड थर. त्यावर भाज्यांची देठं, फळांची सालं, चहाचा चोथा, सगळं बारीक चिरून. त्यावर ओल्याच्या दुप्पट सुकं : पानं, कोकोपीट किंवा फाडलेला साधा कागद. विरजण म्हणून मूठभर जुनं खत. दोन-तीन दिवसांनी खालीवर हलवायचं, कारण आतल्या जीवाणूंना हवा लागते. ओल किती? मूठभर घेऊन दाबलं की हात ओलसर व्हावा, पाणी ठिबकू नये. तेलकट, मटण-मासे, दुधाचं काही नको.

मी पहिल्याच आठवड्यात माती खाल्ली. लवकर भरावं म्हणून तीन दिवसांचा कचरा एकदम कोंबला, वर सुकं घालायचा कंटाळा. चौथ्या दिवशी बाल्कनीत असा वास, की समोरच्या काकूंनी खिडकी लावून घेतली! छोटीनं झाकण उघडलं, नाक मुरडलं, "ओलं जास्त झालंय. हवा नाही. सुकं घाल आणि हलव." घातलं. दोन दिवसांत वास गेला. नंतर पांढरी बुरशी दिसली, टरकलो. तीही नॉर्मल. मधोमध हात घातला तर चक्क गरम! म्हणजे काम चालू आहे.

"कधी होणार गं हे?" मी रोज विचारायचो.

"दोन-तीन महिने. रोज उघडून बघितल्यानं लवकर होत नाही."

तिथेच माझी ट्यूब पेटली. यकृताचंही अगदी हेच. ते अल्कोहोल आपल्याच स्पीडनं जाळतं, रक्तातलं तासाला साधारण १५ मिलिग्रॅम. माझे ५८ शून्यावर यायला जवळपास चार तास लागले असते. ब्लॅक कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याचा शॉवर, पान, बिर्याणी... एकानंही तो स्पीड वाढत नाही. 'मी आता ओके आहे' हे आपण ठरवत नसतो, घड्याळ ठरवतं. म्हणून एकच सेफ आकडा : गाडी असेल तर शून्य. पार्टी असेल तर जातानाच रिक्षा-कॅब, म्हणजे परतताना चावीचा मोहच नको.

तिसऱ्या महिन्यात बादलीतला ढीग निम्म्याच्याही खाली बसला. काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास. चाळलं, एक भाग खत तीन भाग मातीत मिसळून कढीपत्त्याला घातलं. त्याच आठवड्यात लायसन्सही परत मिळालं.

छोटी पुन्हा बाईकवर बसायला लागलीय. पण बसायच्या आधी ती अजूनही वास घेते. सकाळी बादलीचा, रात्री माझा.