स्वमग्नता : तपासणी दाराशी, निदान मात्र दूर

एन्नोर (चेन्नई) : उत्तर चेन्नईच्या टोकावरील एन्नोरचे नाव देशभर पोहोचते ते औष्णिक वीजकेंद्रांच्या राखेमुळे किंवा डिसेंबर २०२३ मधील तेलगळती आणि अमोनिया वायुगळतीसारख्या घटनांमुळे. दोन वर्षांचे मूल हाकेला वळून पाहत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, ही बाब मात्र घराबाहेर जात नाही. ‘काही मुले उशिरा बोलतात’ असे सांगून वडीलधारी मंडळी धीर देतात. स्वमग्नतेच्या, म्हणजेच ऑटिझमच्या निदानातील पहिला विलंब येथे सुरू होतो. एन्नोरप्रमाणेच देशातील अन्य कामगार वस्त्यांनाही हे लागू पडते.

प्राथमिक तपासणी आणि निदान या दोन स्वतंत्र पायऱ्या आहेत. १६ ते ३० महिन्यांच्या बालकांसाठी वापरली जाणारी ‘एम-चॅट’ ही २० प्रश्नांची प्रश्नावली केवळ शक्यता दाखवते. निदानासाठी श्रवणशक्तीची चाचणी, पालकांकडून विकासाचा सविस्तर वृत्तांत आणि तज्ज्ञांनी केलेले मुलाचे प्रत्यक्ष निरीक्षण आवश्यक असते. रक्ताच्या एखाद्या चाचणीने वा मेंदूच्या छायाचित्राने स्वमग्नतेचे निदान होत नाही.

पहिल्या पायरीसाठी शासकीय व्यवस्था आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात फिरत्या पथकांनी अंगणवाडीतील बालकांना वर्षातून दोनदा आणि शाळकरी मुलांना एकदा तपासणे अपेक्षित आहे. अडचण येते ती त्यानंतर. बहुविकलांग व्यक्तींच्या सक्षमीकरणासाठीची केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था चेन्नईजवळच मुट्टुकाडू येथे आहे. परंतु ती शहराच्या दक्षिणेस, एन्नोरपासून ४० किलोमीटरहून अधिक अंतरावर. मूल्यमापन बहुधा एका भेटीत संपत नाही. रोजंदारीवरील पालकांसाठी प्रत्येक फेरी म्हणजे बुडालेली मजुरी.

प्रौढांची स्थिती अधिक बिकट आहे. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची मर्यादा १८ वर्षांपर्यंतच आहे. लहानपणी निदान न झालेल्या व्यक्तीवर पुढे ‘एककल्ली’, ‘हट्टी’ असे शिक्के बसतात. प्रमाणपत्रासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘आयसा’ या भारतीय मापनश्रेणीत ४० मुद्दे असून ७० पेक्षा कमी गुण मिळाल्यास स्वमग्नता नाही, असे मानले जाते. वर्षानुवर्षे इतरांचे अनुकरण करून आपले वेगळेपण झाकणाऱ्या प्रौढांचे, विशेषतः स्त्रियांचे, अशा मोजपट्टीवर योग्य मूल्यमापन होणे कठीण असते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने स्वमग्नतेला स्वतंत्र दिव्यांगत्व म्हणून मान्यता दिली. पण त्या हक्काचा लाभ निदानापासूनच सुरू होतो.

भाषेचा मुद्दाही दुर्लक्षून चालणार नाही. चेन्नईतील मराठी वा मुंबईतील तमिळ कुटुंबाच्या मुलाचे मूल्यमापन घरातील भाषा लक्षात घेऊन झाले नाही, तर चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. दोन भाषा कानावर पडल्याने स्वमग्नता उद्भवत नाही, हेही पालकांना स्पष्टपणे सांगितले गेले पाहिजे.

किती बालकांची तपासणी झाली, हा आकडा त्यामुळे अपुरा ठरतो. शंका आलेल्या किती मुलांना निदान मिळाले आणि त्यासाठी किती महिने लागले, याचा हिशेब जिल्हानिहाय जाहीर झाला, तरच पहिल्या पायरीवरील परिश्रम सार्थकी लागतील.