हळदीच्या दुधातलं ‘अँटिऑक्सिडंट’ किती?

खडकी बाजारात आता हळदीचं दूध किराणा दुकानाच्या फ्रिजमध्येही दिसतं. 2020 मध्ये करोनाकाळात आयुष मंत्रालयानं 150 मिलिलिटर गरम दुधात अर्धा चमचा हळद घ्यायला सांगितलं आणि लगोलग अमूलनं तयार हळदीचं दूध बाजारात आणलं. या पेयांची भिस्त ‘अँटिऑक्सिडंट’ या शब्दावर असते.

हळदीतलं कर्क्युमिन हे फेनॉल गटातलं अँटिऑक्सिडंट आहे खरं. पण हळदीत ते साधारण तीनच टक्के. म्हणजे अर्ध्या चमच्यात जेमतेम पन्नासेक मिलिग्रॅम. ते पाण्यात विरघळत नाही, रक्तात फार थोडं उतरतं. दुधातली स्निग्धता आणि केसीन हे प्रथिन त्याला धरून ठेवतात, एवढीच दुधाची मदत. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातल्या 1998 च्या प्रयोगात मिऱ्यातल्या पायपेरिनमुळे शोषण वीसपट वाढलं. पण तिथं कर्क्युमिन दिलं होतं 2 ग्रॅम, म्हणजे सुमारे चाळीस पेल्यांतलं!

घशाला बरं वाटतं म्हणून खुशाल प्या. विकतचं घेताना मात्र साखर किती ते आधी वाचा. खरी काळजी हळदीच्या गोळ्यांची: इटलीत 2019 मध्ये अशा गोळ्या घेणाऱ्यांत यकृताला सूज आल्याच्या घटना नोंदल्या गेल्या. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर गोळीआधी डॉक्टरांना विचारा.