आपल्या उंबऱ्याचा आकडा



पावसाळा भरात आला की सांगलीच्या बायका भाजी घेता घेता एकमेकींना विचारतात, "आज किती फूट?" हे फूट कृष्णेचे, आयर्विन पुलापाशी मोजलेले. तिथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी. कोल्हापूरला पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यापाशी हेच आकडे ३९ आणि ४३. हे आकडे बातम्यांत रोज कळतात. आपल्या घराचा आकडा मात्र आपणच काढून ठेवायचा असतो.

पुष्कळ घरांत मागच्या पुराची खूण भिंतीवर असते आणि तिच्यावर फार विश्वास असतो. २००५ साली सांगलीत पाणी ५३ फुटांवर गेलं होतं. "तेव्हा आपल्याकडे आलं नाही, आता काय येतंय!" असं म्हणत २०१९ च्या ऑगस्टात कितीतरी कुटुंबं घरातच थांबली, आणि पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं. मग नावेची वाट पाहणं आलं. ब्रह्मनाळला माणसांना बाहेर काढणारी नावच उलटली. त्यात बायका-मुलंही गेली. २०२१ च्या जुलैत पुन्हा महापूर आला. जुनी खूण म्हणजे नदीने दिलेलं वचन नव्हे.

आपल्या अंगणात ऊन असतानाही पाणी चढतं, हेही ध्यानात ठेवा. पाऊस घाटमाथ्यावर पडत असतो, भरत आलेल्या धरणांतून पाणी सोडावं लागतं. कराडला कोयना, हरिपूरला वारणा, नरसोबावाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णाच तुडुंब असली की या नद्यांचं पाणी पुढे सरकत नाही. फुगवटा मागे गावांत शिरतो.

तेव्हा यंदा एवढं कराच. मागच्या पुरात किती फुटांना आपला रस्ता बंद झाला आणि किती फुटांना पाणी उंबऱ्याला लागलं, हे शेजारणींना विचारून वहीत लिहून ठेवा. निघायचं ते रस्त्याच्या आकड्याआधी. म्हातारी माणसं, बाळंतीण आणि जनावरं त्याच्याही आधी. रेशनकार्ड, सातबारा, बँकेची पुस्तकं, मुलांचे दाखले आणि रोजची औषधं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून हाताशी ठेवा.

पाणी ओसरल्यावर लगेच झाडू हातात घेऊ नका. आधी भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेचे आणि बुडालेल्या सामानाचे फोटो काढा. पंचनाम्याला उपयोगी पडतात. वायरमनने तपासल्याशिवाय मेन स्विच लावू नका. अडगळीत हात घालण्याआधी काठीने चाळवा, साप असतो. चिखलात अनवाणी फिरू नका. पायाला जखम असली तर अधिक जपा. नंतर ताप आला तर डॉक्टरांना पुरात वावरल्याचं आवर्जून सांगा. पिण्याचं पाणी उकळूनच घ्या. बुडालेल्या विहिरीचं पाणी उपसून, ब्लीचिंग पावडर टाकल्याशिवाय वापरू नका.

आता सगळ्यांत जड गोष्ट. पुरात भिजलेला गहू-तांदूळ वाळवून वापरावा असं कुणाही गृहिणीला वाटणारच. वर्षाची बेगमी असते ती! पण त्या पाण्यात गटारं आणि मेलेली जनावरं मिसळलेली असतात, आणि दाण्याला बुरशी धरली की तिचं विष शिजवूनही जात नाही. ते टाकाच. जनावरांनाही घालू नका.

शेताचं नुकसान आपल्या हाती नसतं. उसाचा शेंडा पाण्यावर राहिला तर ऊस तगतो, पोंग्यात गाळ बसला की कुजतो. सरीत पाणी तुंबलं की हळदीचा कंद सडतो. त्या काळजीने घरच्या पुरुषांचा पाय गावातून निघत नाही, हे आपण जाणतो. पण वेळेवर निघाल्याने पीक अधिक बुडत नाही. मामंजी म्हणाले, "एवढं काही येत नाही," तर वाद घालू नका. वही त्यांच्यापुढे ठेवा आणि मुलांचे कपडे भरायला घ्या.